गोगलगायींचा दासोह

ड्राफ्ट बिअर चांगली की कॅनमधली, हे विचारायला हल्ली लोक माझ्याकडे येतात. येतात म्हणजे देवळाच्या पायरीवर गाठतात, इकडेतिकडे बघतात आणि आवाज खाली आणून विचारतात. मी गळ्यात लिंग असलेली, रोज इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय तोंडात पाण्याचा थेंब न घालणारी, श्रावणात कांद्याकडे पाठ फिरवून बसणारी बाई. पण ज्ञान कुणाकडून घ्यावं याला आपल्याकडे बंधन नाही, आणि खरं सांगायचं तर मला या विषयातलं कळतंही. चव सोडून सगळं कळतं.

याला कारण माझं व्रत. यंदा मी धरलं की श्रावणभर रोज स्वतःच्या अंगणात, स्वतःच्या हातानं वाढवलेलं फूल लिंगाला वाहायचं आणि ते वाहून होईपर्यंत घरात गॅस पेटवायचा नाही. विकतचं फूल नाही, शेजारचं नाही, कुणी प्रेमानं दिलेलं तर नाहीच नाही. यातला गॅसचा भाग मी आमच्या यांना न विचारता धरला होता. हे म्हणजे गुरुपादप्पा, उदगीरच्या मोंढ्यात आमची अडत आहे, आणि सकाळी चहा मिळाला नाही तर यांना तुरीचा भावही सांगता येत नाही. पण व्रताच्या बाबतीत आमच्या घरात चर्चा होत नाही, फक्त परिणाम होतात.

मल्लम्मा वन्सं, म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, निलंग्याला असतात. त्यांनी फोनवर सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, “धर की. धरायला काय जातंय. अर्ध्या श्रावणात मोंढ्यातनं हार आणशील आन् अंगणातला हाय म्हणून सांगशील.” मी हळू आवाजात बोलते, त्यामुळे लोकांना वाटतं मला राग येत नाही. मला राग येतो. तो फक्त ऐकू जात नाही. त्या फोननंतर ते व्रत जेवढं महादेवाचं होतं तेवढंच वन्संचंही झालं. देवानं एखादवेळेस चूक पोटात घातली असती. वन्संचं पोट तेवढं मोठं नाही.

आता अंगणाचं सांगते. रस्ता रुंद झाला तेव्हा आमचं पुढचं कंपाउंड, कण्हेर आणि जास्वंद असं सगळं त्यात गेलं. मागे राहिला खाटेएवढा वाफा. त्यात मी झेंडू आणि शेवंती लावली होती, श्रावण लागायच्या आधीच कळ्या धरल्या होत्या. आणि तेव्हाच गोगलगायी आल्या.

शंखी गोगलगायी. यंदा आमच्या भागात त्यांनी सोयाबीन खाल्लं, पपई खाल्ली, भाजीपाला खाल्ला. रानात इतकं मोठं ताट वाढलेलं सोडून त्या शहरात माझ्या वाफ्यावर कशा आल्या, हे महादेव जाणे. गल्लीतल्या प्रत्येकानं एकच उपाय सांगितला, मीठ टाका. मीठ टाकलं की ती फेस येऊन मरते, हेही प्रत्येकानं चवीनं सांगितलं. मला ते जमणार नव्हतं. गोगलगायीकडे एकदा नीट बघा. आपलं दैवत आपल्या अंगावर वागवते, कुणाच्या अध्यातमध्यात नाही, कसली घाई नाही. मला तर ती आमच्या समाजातलीच वाटते.

आधी मी त्या हातानं वेचून मागच्या पडीक प्लॉटमध्ये सोडल्या. त्या दुसऱ्या दिवशी परत आल्या, बहुतेक नातेवाईक घेऊन. मग सरकारी कचेरीत अर्ज केला. तिथल्या साहेबांनी फार आदरानं बसवलं, पाणी विचारलं आणि वाफ्याचा सातबारा मागितला. मी म्हटलं, खाटेएवढा वाफा आहे. ते म्हणाले, तर मग पीकपेऱ्याला झेंडूची नोंद तरी दाखवा. मी नमस्कार करून परत आले.

शेवटी शेजारचे उमाशंकर सर मदतीला आले. सर कॉलेजात जीवशास्त्र शिकवून रिटायर झालेत आणि तेव्हापासून विद्यार्थी शोधत असतात. ते म्हणाले, “वहिनी, गोगलगायीला बिअरचा वास लई आवडतो. वाटी जमिनीत काठापर्यंत पुरा, त्यात बिअर ओता. येतात, पितात, बुडतात.” मी विचारलं, न बुडता नुसतं पिऊन पडल्या तर चालेल का. सरांनी चष्मा काढून पुसला. असा प्रश्न त्यांना कुठल्याच बॅचनं विचारला नव्हता. मग त्यांनी उथळ ताटली सुचवली. संध्याकाळी ताटल्या मांडायच्या, पहाटे पडलेल्या गोळा करायच्या आणि लांब माळावर नेऊन सोडायच्या, जिथं कुणाचं पीक नाही.

म्हणजे बिअर आणणं आलं. गल्लीच्या तोंडाशी पूर्वी बिअरचं एक दुकान होतं. ते बंद करायला बायकांचं मतदान झालं, आडवी बाटली का उभी बाटली, तेव्हा घरोघरी फिरून मीच सगळ्यांना आडव्या बाटलीवर शिक्का मारायला लावला होता. त्यामुळे आता यांना गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागणार होतं. हे आरशासमोर उभे राहिले आणि ओळखू येऊ नये म्हणून कपाळाची विभूती पुसली. पण जन्मभर विभूती लावलेल्या कपाळाला उन्हानं रंग दिला होता तो फक्त पट्ट्यांच्या मधल्या जागेला. पुसल्यावर तीन गोरे पट्टे आणखी उठून दिसायला लागले. हे तसेच गेले.

दुकानाचा मालक व्यंकट, तो यांना ओळखत होता, त्याचं सोयाबीन विकून हिशेबाची पट्टी आमच्याकडेच होते. तो बिचारा गडबडून उठून उभा राहिला. पण त्याचा धंदा कायद्याचा, एक दिवसाचं परमिट फाडल्याशिवाय माल द्यायचा नाही. पिणाऱ्याचं नाव विचारलं. हे म्हणाले, मी पीत नसतो. मग कोण? हे म्हणाले, गोगलगायी. व्यंकटनं पेन खाली ठेवलं आणि म्हणाला, “काका, एकवीस पूर्ण पाहिजे.” शेवटी यांनी स्वतःचं नाव घातलं आणि आयुष्यात पहिल्यांदा सरकारदरबारी पिणारे म्हणून नोंदले गेले. तेवढ्यावर भागलं नाही. स्ट्राँग देऊ का माइल्ड, थंड देऊ का साधी, हे विचारायला यांनी दुकानातूनच मला फोन लावला, आणि यांचा फोनवरचा आवाज मोंढ्यात लिलाव पुकारणाऱ्याचा आहे.

एवढं करून आलेली कॅनमधली बिअर गोगलगायींना आवडली नाही. त्या आल्या, ताटलीभोवती फिरल्या. एकीनं काठावरच्या फेसाला शिंगं टेकवून विचार केला आणि शेवंतीकडे गेली.

सरांनी निदान केलं. कॅनमधली बिअर तापवून सीलबंद करतात, ती मेलेली असते. गोगलगायीला हवी ताजी, जिवंत, नळातून काढलेली, म्हणजे ड्राफ्ट. ती उदगिरात मिळत नाही, लातूरला मिळते. यांना हे अजिबात पटलं नाही. यांचं म्हणणं, पोत्याचं तोंड शिवलेलं असलं की माल खरा. कॅनला माणसाचा हात लागलेला नसतो, आणि नळीतून आलेल्या वस्तूला कुणाकुणाचे हात लागतात ते महादेवाला ठाऊक, ती आपल्या अंगणात नको. पुढं रोज संध्याकाळी सर आमच्या ओसरीवर येत आणि ड्राफ्ट का कॅन यावर दोघे तावातावानं बोलत. दोघांच्याही हातात माझ्या हातचं ताक असे. गल्लीतून जाणारे थांबून ऐकत आणि मला बघून पुढे सरकत. इकडे झेंडू रोज कमी होत होता.

मी शेवटी यांना बरोबर घेऊन मन्मथ स्वामींना विचारायला गेले. ते आमच्या मठाचे, वयानं लहान पण बोलणं पिकलेलं. त्यांना पापपुण्याचं विचारलं आणि ड्राफ्ट-कॅनचंही. आमच्यात दासोह म्हणतात, दारी आलेल्याला सेवक होऊन खाऊपिऊ घालायचं, तो कोण कुठला ते विचारायचं नाही. स्वामी म्हणाले, “आक्का, दासोह मांडलाय तर पाहुण्याला त्याच्या आवडीचं वाढायचं. आपल्या आवडीचं वाढणं म्हणजे दासोह न्हाई, हट्ट हाय.” मी पाया पडले. निघताना त्यांनी यांना जरा बाजूला घेतलं आणि लातुरात ती नेमकी कुठं मिळते ते विचारलं. माहिती म्हणून.

लातूरला माझ्या मावसभावाचा मुलगा प्रेम एका हॉटेलात मॅनेजर आहे. आम्ही दोघं दुधाची स्टीलची किटली घेऊन एसटीनं गेलो. प्रेम फार गुणी पोरगा. आत्या आपल्या हॉटेलात आली म्हणून त्याचे डोळे भरून आले, आणि कशासाठी आली ते ऐकल्यावर तर जास्तच भरले. यांचं नाव आता पिणाऱ्यांत होतंच, त्यामुळे परमिट पुन्हा फाडताना यांनी हूं की चूं केलं नाही. प्रेमनं किटली भरून दिली आणि सांगितलं, “आत्या, झाकण सैल ठेवा, हिच्यात हवा असती.” पण मी आयुष्यभर दूध-तूप नेलंय. सैल झाकणाचं भांडं घेऊन एसटीत बसणं माझ्या रक्तात नाही. मी झाकण दाबून बसवलं, वर फडकं टाकलं आणि सुतळीनं करकचून बांधलं.

लातूर-उदगीर रस्त्यावर त्या दिवशी जेवढे खड्डे होते तेवढे सगळे आमच्या ड्रायव्हरनं घेतले. नळेगाव मागं पडलं असेल नसेल, माझ्या मांडीवर आधी गुरगुर झाली. मग सुतळी तुटली. झाकण वर टपाला जाऊन लागलं आणि फडकं पुढच्या पटकेवाल्या आजोबांच्या डोक्यावर. त्यामागोमाग जो पांढरा फेस आला, तो माझी साडी, यांचं धोतर, खिडकी असा सगळीकडे गेला. आख्ख्या बसनं एका दमात मान वळवली आणि दुसऱ्या दमात वास घेतला.

कंडक्टर आला. किटलीकडे बघितलं, माझ्या कपाळावरच्या विभूतीकडे बघितलं. “मावशी, काय हाय ह्यात?” मी श्रावणात खोटं बोलत नाही, एरवीही नाही. मी सांगितलं, ड्राफ्ट बिअर आहे, गोगलगायींसाठी. पलीकडच्या बाकावर साखराबाई म्हणून जळकोटकडची एक म्हातारी बसली होती. ती मान हलवून शेजारणीला म्हणाली, “आमचे मालक शेळीसाठी म्हणून आणायचे.” मग बसमध्ये चर्चा सुरू झाली. मागच्या बाकावरच्या दोघांचं म्हणणं पडलं की कॅनची आणली असती तर सांडलीच नसती. पटकेवाले आजोबा डोक्यावरचं फडकं हुंगत म्हणाले की ताज्या वस्तूची गोष्ट वेगळी असती. हे खिडकीबाहेर असं बघत होते की जणू ही बाई यांना अहमदपूर फाट्यावर भेटली. कंडक्टरनं शेवटी निकाल दिला की असला माल गाडीत चालत नाही, पण आता तो किटलीत कमी आणि प्रवाशांच्या अंगावर जास्त असल्यामुळे उतरवायचं कुणाला हा प्रश्न आहे. उदगीर स्टँडवर आम्ही उतरलो तर समोर आमचं भजनी मंडळ. मी हात जोडून सगळ्यांना शरणार्थ केलं. सगळ्यांनी लांबूनच केलं.

पण तळाला उरलेल्या ड्राफ्टनं काम केलं. पहाटे ताटल्यांभोवती गोगलगायी अशा पडल्या होत्या की कुणाचं तोंड कुठं आणि कुणाचा शंख कुठं काही कळेना. मी त्यांना ओल्या फडक्यावर टोपलीत निजवलं. हे टोपली स्कूटरवर पुढं घेऊन माळावर सोडून आले, आणि घाई न करता चालवली, कारण मी बजावलं होतं की त्यांचं डोकं दुखत असेल. त्यानंतर व्यवस्थाच लागली. प्रेमच्या हॉटेलची गाडी एक दिवसाआड डाळ न्यायला मोंढ्यात यायची, ती येताना किटली आणायची, झाकणाला भोक पाडून. झेंडू फुलला, शेवंती फुलली. गल्लीतल्या सगळ्या गोगलगायी बाकीच्यांची कढीपत्त्याची झाडं सोडून माझ्याकडे यायला लागल्या. संध्याकाळी ताटली मांडायला उशीर झाला तर त्या आधीच येऊन थांबलेल्या असत. लोक म्हणायला लागले, शिवगंगाबाईंच्या व्रतात काहीतरी आहे. होतं.

आता जी चूक झाली ती फक्त आमच्यासारख्या घरातच होऊ शकते. पंधरा ऑगस्टला दारू मिळत नाही, हे ज्या घरात कोणी पितं त्या घरातल्या पोराटोरालाही माहीत असतं. आमच्याकडे सात पिढ्यांत कुणाला ते माहीत असण्याचं कारण पडलं नव्हतं. यंदा श्रावणी सोमवार आणि पंधरा ऑगस्ट एकाच दिवशी आले. सकाळी मोंढ्यात गाडी आली नाही. प्रेमला फोन केला तर म्हणाला, “आत्या, आज ड्राय डे.” मला वाटलं पावसानं उघडीप दिली म्हणतोय. त्यानं नीट समजावलं. दुधाची तूट पडली की पावडर आणतात, तसं मी यांना फोनवर म्हटलं, निदान व्यंकटकडून कॅन तरी आणा. ड्राय डे लातूरपुरताच असेल अशी आमची समजूत.

हे तेव्हा बालवाडीत झेंडावंदन करून येत होते. पांढरा सदरा, छातीला तिरंगा, कपाळाला विभूती. तसेच व्यंकटच्या दुकानावर गेले, शटर खाली बघून ठोठावायला लागले. आतून कोणी ओ देईना, म्हणून जोरात ठोठावलं. नेमकी तेव्हाच शाळेची प्रभातफेरी त्या रस्त्यानं आली, पुढं हेडमास्तर, मागं सगळी शाळा. फेरी थांबली. यांनी शटरला पाठ लावली, हात वर केला आणि लिलावाच्या आवाजात म्हणाले, भारतमाता की. पोरं जय म्हणाली. फेरी पुढं गेली. घरी आल्यावर हे बराच वेळ भिंतीकडे तोंड करून बसले होते.

संध्याकाळच्या गाडीनं मल्लम्मा वन्सं आल्या. न कळवता. दारातच त्यांनी वाफा बघितला, एक-एक फूल नजरेनं तोलून बघितलं आणि बॅग ठेवता ठेवता म्हणाल्या, “चांगलंय. उद्या सकाळी बघू.” उमाशंकर सरांनी आमची अडचण ऐकली आणि स्वतःच्या फ्रिजमधून एक कॅन आणून दिला, प्रयोगासाठी ठेवला होता म्हणाले. तो फ्रिजमध्ये ठेवताना माझ्या मनात आलं की कॅनला गोगलगायी तोंड लावत नाहीत, आणि आता वन्संच्या देखत बिअरच्या ताटल्या मांडण्याची माझी छाती नाही. एक दिवस उपाशी राहतील. आम्ही नाही का राहत सोमवारी.

त्या राहिल्या नाहीत. मंगळवारी उजाडताच मी वाफ्यापाशी गेले तर नुसते दांडे. सवयीनं गल्लीतल्या सगळ्या जमल्या होत्या, ताटली नाही बघून सगळ्यांनी वाफा खाल्ला होता आणि झोपायला गेल्या होत्या. खाली, पार मातीजवळ, एक झेंडू उरला होता. त्याच्यावर एक गोगलगाय बसली होती आणि कडेनं खात होती.

हे म्हणाले, उचल तिला. मी म्हटलं, जेवत्या पानावरून कुणाला उठवत नाहीत. हे वाक्य यांच्या आईचं, त्यामुळे तो विषय संपला. मी पायरीवर बसले, हे बसले, आवाज ऐकून सर कुंपणापाशी आले आणि थोडा वेळ निरखून म्हणाले की हिचा वेग बघता अर्ध्या तासात एक पाकळी उरणार नाही. वन्संनी दारातून सगळं बघितलं. “मी म्हणलं होतं,” एवढंच म्हणाल्या आणि बघायला बसल्या.

चौघांनी मिळून एका बाईचं जेवण बघणं तसं बरं दिसत नाही. ती एक घास घ्यायची, शिंगं आत घ्यायची, विसावायची, परत एक घास. माझं व्रत पाकळी-पाकळीनं कमी होत होतं. पण वन्संचंही काहीतरी कमी होत होतं. त्यांना उठल्या उठल्या चहा लागतो, आणि फुलाशिवाय पूजा नाही, पूजेशिवाय गॅस नाही. त्यांनी आधी कपाळ दाबलं, मग पदरानं डोकं आवळून बांधलं, मग गोगलगायीला म्हणाल्या, “यव्वा, आटप की गं.” मग निदान गार दूध तरी मिळतं का बघते म्हणून आत गेल्या. मला फ्रिज आठवला तोवर त्या परत आल्या होत्या. हातात कॅन.

“शिवगंगा, हे काय हाय?”

“बिअर आहे, वन्सं.”

“कुणाची?”

“गोगलगायींची.”

वन्संनी माझ्याकडे बघितलं. यांच्याकडे बघितलं, हे आभाळाकडे बघत होते. सरांकडे बघितलं, सर कुंपणाखाली गेले होते. मला वाटलं, आता निलंग्यापासून उदगीरपर्यंत जेवढी सोयरीक आहे तेवढ्यांना आजच फोन जाणार. मग त्यांनी त्या झेंडूकडे बघितलं. दोन बोटं उरला होता. त्यांनी कपाळ परत दाबलं.

“ताटली आण,” त्या म्हणाल्या.

मी ताटली दिली. वन्सं उकिडव्या बसल्या. कॅनचं तोंड तळहातानं पुसलं, वर नखानं टकटक केलं, तर्जनी कडीखाली घातली आणि एका झटक्यात उघडलं. एक थेंब सांडला नाही. मग ताटली जराशी तिरपी धरून काठाकाठानं अशी बारीक धार सोडली की फेस नावाला आला नाही. सरांनी कुंपणावरून परत डोकं वर काढलं होतं. आमचा पहिला कॅन त्यांनीच ओतला होता तेव्हा ताटलीत फेसच फेस झाला होता, ते बघतच राहिले.

गोगलगायीनं शिंगं बाहेर काढली. थांबली. वळली. आणि झेंडू सोडून ताटलीच्या वाटेला लागली. म्हणजे त्यांचं भांडण कॅनशी नव्हतं, फेसाशी होतं.

मी फूल खुडलं आणि आत गेले. अर्धं फूल वाहिलेलं चालतं का, हे मी कुणाला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पूजा झाली, गॅस पेटवला, आलं घालून चहा केला आणि पहिला कप वन्संना नेऊन दिला. त्यांनी फुंकर मारून घोट घेतला, डोळे मिटले आणि डोळे मिटूनच म्हणाल्या, “न्हाई मोडलं बाई तुझं व्रत.”

मला त्यांना एकच गोष्ट विचारायची होती. ती जिभेवर आली होती. पण व्रतात खोटं बोलू नये असा नियम आहे, आणि दुसऱ्यावरही खोटं बोलायची वेळ आणू नये, हे मी त्या सकाळी त्याला जोडून घेतलं. मी विचारलं, “वन्सं, साखर बरोबर झाली का?”

“हाव,” त्या म्हणाल्या, आणि कप पुढं केला.